पद्मिनीच्या कॅमेऱ्यातली वेळ

चुकीच्या आकड्याशी देवदत्त मांडकेचं कधी जमलं नाही. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एका कंपनीत मोटारींचे ब्रेक तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि यंत्राने जरा वेडावाकडा आकडा दाखवला की चाचणी पहिल्यापासून करायची, हा त्याचा खाक्या. आणि अशा माणसाला बायको मिळाली कशी, तर जिचा कॅमेरा कायम चुकीची वेळ दाखवायचा!

चुकीची म्हणजे पुण्याची. कॅमेरा तिच्या भावाने पुण्यात घेऊन दिला, घड्याळही त्यानेच लावलं, आणि मिशिगनला आल्यावर ते बदलायला पद्मिनीने साफ नकार दिला. "तुझ्या कॅमेऱ्यात तुझी वेळ, माझ्यात माझी," ती म्हणायची. "फोटो बघितला की कळतं, तेव्हा आई काय करत असेल." देवदत्तने सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी नाद सोडला.

मागच्या अंगणातल्या मेपलचा वर्षभराचा सिनेमा करायचा, ही कल्पना तिचीच. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टँड पक्का बसवला. सकाळी चहा ठेवून ती तिच्या कॅमेऱ्याने एक फोटो काढणार, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तो त्याच्या कॅमेऱ्याने एक. एका वसंतापासून दुसऱ्या वसंतापर्यंत. मग सगळे फोटो भराभर पळवले की अख्खं वर्ष अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढून जाणार.

जानेवारीत एका दुपारी भाजी चिरता चिरता पद्मिनी कोसळली. शेजारच्या नेत्राने ॲम्ब्युलन्स बोलावली, देवदत्त ऑफिसातून धावत गेला, पण तो पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं.

दहा-बारा दिवसांनी तो पुन्हा खिडकीशी उभा राहिला आणि संध्याकाळचे फोटो त्याने वसंतापर्यंत नेटाने काढले. सकाळचा मात्र एकही काढला नाही. ते तिचं काम होतं. वर्षश्राद्धाला चार माणसं जमतील तेव्हा हा सिनेमा दाखवायचा, असं त्याने मनाशी धरलं. दोघांनी मिळून हाती घेतलेलं हे शेवटचं काम, आणि ते त्याला नीट, बिनचूक पुरं करायचं होतं.

दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो त्याने कॉम्प्युटरवर एकत्र केले, सिनेमा चालवला, तर झाड वेड्यासारखं वागायला लागलं. पानं गळायची, परत फांदीवर चढायची, पुन्हा गळायची. बर्फ पडायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा पडायचं. कारण शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख-वेळ लिहून ठेवतो, मेटाडेटा म्हणतात त्याला, आणि प्रोग्रॅम त्यावरूनच फोटो ओळीने लावतो. पद्मिनीचा हिवाळ्यातला सकाळी आठचा फोटो पुण्याच्या हिशेबाने संध्याकाळी साडेसहाचा. म्हणून तो देवदत्तच्या पाचच्या फोटोनंतर जाऊन बसत होता. रोज आधी संध्याकाळ, मग सकाळ.

देवदत्तला राग आला. गेलेल्या बायकोचा राग येतो हे कोणी सांगत नाही, पण येतो. किती वेळा म्हटलं होतं, घड्याळ बदल!

लेक इला शिकागोला. फोनवर उंटावरून शेळ्या हाकणं तिला छान जमतं. "बाबा, इट्स सो सिंपल. आईचे सगळे फोटो सिलेक्ट कर आणि क्लॉक मागे शिफ्ट कर. वन क्लिक."

"समरचे साडेनऊ तास, विंटरचे साडेदहा." अमेरिकेतलं घड्याळ हिवाळ्यात तासभर मागे जातं, ते देवदत्त कसा विसरेल?

"ओके, देन टू क्लिक्स."

उन्हाळ्याचे फोटो झाले. हिवाळ्याचे निवडता निवडता तो पद्मिनीच्या शेवटच्या फोटोशी आला आणि थांबला. वेळ होती संध्याकाळी सहा छत्तीस. त्या दिवशी सहा छत्तीसला तो हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसला होता, तिच्या चपला मांडीवर घेऊन. गाडी सुरू करायचंही सुचत नव्हतं. आणि कॅमेरा सांगत होता की त्याच वेळी पद्मिनी घरी, खिडकीपाशी उभी राहून मेपलचा फोटो काढते आहे.

आकडा खोटा आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी त्याला तो खरा हवा होता. तेवढा एक फोटो सोडून त्याने बाकीचे सगळे दुरुस्त केले. तो तसाच राहिला असता तरी सिनेमात काडीचा फरक पडला नसता, कारण त्या संध्याकाळी देवदत्तने फोटो काढलाच नव्हता. कोणाला कळलंही नसतं.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. खोटा आकडा घरात आहे, या विचाराने त्याला घास गिळवेना. रविवारी सकाळी त्याने तो फोटो निवडला आणि वेळ मागे घेतली. आठ वाजून सहा मिनिटं. मग तो टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. आपण आपल्या हाताने तिला परत त्या सकाळी नेऊन सोडलं, आणि तिथे तिच्याकडे थोडेच तास उरले होते.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर त्याने सिनेमा लावला. पानं आली, लाल झाली, गळली, आणि या वेळी गळलेली खालीच राहिली. सकाळचा उजेड एका बाजूने, संध्याकाळचा दुसऱ्या बाजूने, पुन्हा सकाळचा, असा पडदा सारखा लपलपत होता. जानेवारी आला आणि लपलपणं थांबलं. बर्फ संथपणे वितळलं, फांद्यांना कळ्या धरल्या.

नेत्राचा भाचा प्रथमेश नुकताच पुण्याहून नोकरीसाठी आला होता. पोरगा गुणी, मनात काही नाही. तो पुढे येऊन म्हणाला, "काका, सुरुवातीला फ्लिकर आहे, तो रिमूव्ह करता येईल. पण जानेवारीनंतरचा पार्ट एकदम स्मूथ झालाय. तिथे काय सेटिंग केलंत?"

"काही केलं नाही रे," देवदत्त म्हणाला. "तिथून पुढे सकाळचा फोटो काढायला ती नाही."