सरकीच्या गाळाचा साबण

मैंदर्गीची ती मुलगी मी एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिली होती आणि करीन तर हिच्याशीच, असं मनात घेऊन बसलो होतो. म्हणून बघण्याच्या कार्यक्रमाला निघताना माझ्यातला नट जागा झाला.

सोलापुरात मी तेव्हा एका तेलाच्या कारखान्यात साबणाच्या कढईवर होतो. सरकीचं कच्चं तेल काळपट असतं. ते कॉस्टिक सोड्यानं साफ केलं की तळाला तपकिरी, कुबट गाळ बसतो. तो गाळ आम्ही पुन्हा कॉस्टिकमध्ये शिजवायचो आणि गिरण्यांना कापड धुवायचा साबण करून द्यायचो. त्याच गाळात वाळ्याचं अत्तर घालून मी खास अंघोळीच्या वड्या पाडल्या, गुलाबी कागदात बांधल्या आणि ऐटीत मुलीच्या वडिलांपुढे ठेवल्या.

मुलीच्या आत्यानं वडी दोन बोटांत धरली. "पाव्हणं, ह्यात चरबी न्हाय न्हवं? आमच्यात चालत न्हाय."

"छे, छे! शुद्ध सरकी."

"आसं समदेच म्हणत्यात की."

आमच्या कढईवर साबण जिभेला लावून बघायची रीत होती. जीभ चरचरली तर कॉस्टिक जास्त, म्हणजे माल कच्चा. पण टोक लावून भागवील तो नट कसला? मी उभा राहिलो, हात उंचावला आणि वडीचा चांगला लचका तोडला.

वड्या घाईत पाडलेल्या. जिभेला निखारा लागावा तसं झालं. थुंकायचं कुठं? समोर सतरंजी, वडीलधारी माणसं. मी तोंड मिटून हसत राहिलो आणि ओठांच्या कोपऱ्यांतून फेस यायला लागला.

"आगं बया! खाल्ला की ह्यानं!" आत्या ओरडली.

मुलगी पोहे तिथंच टाकून ताकाचा तांब्या घेऊन धावली. अंगणात वाकून मी चुळा भरत होतो, ती ताक ओतत होती आणि पदर दातांत धरून हसू दाबत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं मला.

आठवड्यानं मध्यस्थ निरोप घेऊन आले. ते माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "मुलगा त्यांना पसंत होता हो. पण मुलगी म्हणते, अंतरपाट दूर झाला की मला हसू आवरणार नाही, आणि पुढे जन्मभर आवरणार नाही."

आईनं वळून मला विचारलं, "काय केलंस रे तिथं?"

मी तोंड उघडून दाखवलं. जीभ अजून सोललेलीच होती.