मास्तरांची स्वतःची गाडी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली आणि स्वतःची गाडी घेतली एकसष्टाव्या वर्षी. तीही कधी, तर सगळं जग कुलूप लावून घरात बसलेलं असताना. रस्त्यावर चिटपाखरू नाही, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान सोडलं तर सगळी शटरं खाली, आणि ह्यांना गाडी आणायला जायचं होतं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मास्तर, जरा दम धरा. पण मला कोणी विचारलं नाही. मला फक्त फॉर्म भरायला सांगितला.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्मही भरून देते. दुकान बंद म्हणून कॉम्प्युटर घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. घरात नवरा, सासूबाई, दोन मुलं, सगळे चोवीस तास एकमेकांच्या अंगावर. कोणाला जागा हवी, कोणाला चार्जर हवा, सासूबाईंना शांतता हवी. अशात मास्तर आले. दारापासून चार पावलं मागे, जिन्याच्या कठड्याला पाठ लावून उभे. मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. म्हणाले, वहिनी, सवडीनं करा, घाई नाही. माणसाला घाई असली की तो असंच म्हणतो.

मास्तर म्हणजे कोण, ते आधी सांगते. आमच्या भागात जो कोणी चारचाकी चालवतो तो त्यांच्या हाताखालून गेलेला आहे. ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीला डावीकडेही एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला असतो, शिकवणाऱ्यासाठी. मास्तर एकतीस वर्षं त्या डाव्या सीटवर बसले. सकाळी सहापासून दर अर्ध्या तासाला शेजारी नवा माणूस. कोणी घाबरट, कोणी शहाणा, कोणी माझ्यासारखी. मी दोनदा नापास झाले. एकदा कचराकुंडीच्या अंगावर गाडी घातली, ती त्यांनी त्यांच्या पायानं जागच्या जागी थांबवली आणि इतकंच म्हणाले, "आरसा बघा. श्वास घ्या. आता सोडा हळूच." माझ्या नवऱ्यानं लग्नाच्या अठरा वर्षांत माझ्याशी इतक्या शांतपणे एक वाक्य बोललेलं नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आई गेली तेव्हा मास्तर सात वर्षांचे, आक्का एकोणीसच्या. आक्कांनीच त्यांना वाढवलं, शिवणाच्या वर्गात शिकवून. दोन वर्षांपूर्वी आक्का न्हाणीघरात पडल्या, कमरेचं हाड गेलं. मास्तर सकाळी सहाला बाहेर पडणार ते संध्याकाळी येणार, त्यांना उठवणार-बसवणार कोण? आक्कांनीच ठरवलं आणि त्या एका वृद्धाश्रमात गेल्या. पंचावन्न किलोमीटर लांब. मास्तर दर रविवारी बसनं जायचे. निवृत्त झाले तसं त्यांनी गाडीचं बुकिंग केलं, की रविवारी आक्कांना फिरवून आणायचं. आणि पुढच्याच महिन्यात सगळं बंद झालं. बस बंद, आश्रमाचं फाटक बंद, गाडी कारखान्यातच अडकली. चार महिने मास्तर घरात एकटे. मला काय वाटायचं सांगू? मला त्यांचा हेवा वाटायचा. मनात म्हणायचे, काय शांतता आहे हो त्या घरात.

मग एकाच आठवड्यात दोन फोन आले. शोरूमचा, की गाडी आली आहे, पाच दिवसांत न्या नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाला देऊ. आणि आश्रमाचा, की ज्यांच्याकडे स्वतःचं वाहन आहे त्यांना आपलं माणूस घरी न्यायचं असेल तर शुक्रवारी पाचपर्यंत न्या. त्यानंतर फाटक बंद ते कधी उघडेल सांगता येत नाही. भाड्याची गाडी चालणार नाही, स्वतःचीच हवी. मास्तरांनी दोन्ही गोष्टी मला एका दमात सांगितल्या आणि म्हणाले, आक्काला घरी आणायचंय.

मग मी आणि प्रवासाच्या पासाची ती वेबसाइट. काय सांगू त्या वेबसाइटची गत. पहिला अर्ज नामंजूर, कारण नवीन वाहन आणणे हे अत्यावश्यक काम नाही. दुसरा नामंजूर, कारण जाताना एक माणूस आणि येताना दोन, हे त्यांच्या डोक्यात बसेना. दर वेळी वाकडीतिकडी अक्षरं ओळखून मी यंत्र नाही हे सिद्ध करायचं. यंत्र असते तर बरं झालं असतं, निदान डोकं तापलं नसतं. तिसऱ्या वेळी मी कारणात लिहिलं, अपंग ज्येष्ठ नागरिकास घरी आणणे, आणि नवी गाडी आणायचं त्याला शेपूट म्हणून जोडलं. गुरुवारी रात्री जेवताना पास आला. शुक्रवार, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. मी जिन्यातूनच ओरडून सांगितलं. खालून फक्त दार उघडल्याचा आवाज आला.

शुक्रवारी ते दुधाच्या टेम्पोतून गेले. टेम्पोवाला त्यांचाच विद्यार्थी, दुसरं कोण असणार. पस्तीस किलोमीटर क्रेटच्या शेजारी बसून, मांडीवर आक्कांसाठी उशी आणि पायाखाली ठेवायला पाट. सातलाच शोरूमपाशी पोचले. शोरूम दहाला उघडणार. तीन तास बंद काचेच्या बाहेर फुटपाथवर बसले आणि आतली गाडी बघत राहिले. तिथूनच त्यांनी मला फोन केला, साडेसातला. कशी दिसते, मी विचारलं. म्हणाले, पाठमोरी आहे.

पुढचा फोन साडेअकराला. आवाज ऐकूनच मला कळलं, काहीतरी घोळ आहे. म्हणाले, वहिनी, पासात काही बदल करता येतो का आत्ता? मी म्हटलं, काय बदल? मग हळूहळू बाहेर आलं. कागदपत्रं झाली, किल्ली मिळाली, गाडी घेऊन निघाले. दोन किलोमीटरवर पोलिसांची चौकी. पोलिसानं पास बघितला, ठीक आहे म्हणाला, मग खिडकीतून आत वाकला आणि विचारलं, हे डावीकडे ब्रेक-क्लच कसले? ही तर शिकवण्याची गाडी. शिकवणीच्या गाड्यांना बंदी आहे, आणि तुमच्या पासावर खासगी वाहन लिहिलंय. मागे फिरा.

मला आधी कळेचना. मास्तर, तुमच्या स्वतःच्या गाडीत डावीकडे ब्रेक आला कुठून?

बुकिंगचा कागद त्यांनी आपल्या हातानं भरला होता. एकतीस वर्षं शाळेच्या प्रत्येक नव्या गाडीचा कागद त्यांनीच भरला, आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी तीच ओळ लिहिली, डाव्या बाजूस जादा ब्रेक व क्लच बसवणे. ह्याही कागदावर हात आपोआप तेच लिहून गेला. शोरूमवाल्यांनी इमानेइतबारे बसवून ठेवलं. किल्ली हातात घेतल्यावर मास्तर आधी डावीकडचं दार उघडून त्या सीटवर जाऊन बसले होते, पाय ब्रेकवर ठेवून. शोरूममधल्या मुलीनं विचारलं, काका, चालवणारे कधी येणार आहेत? तेव्हा ते उतरून उजवीकडे गेले. पण तेव्हाही ब्रेक तिथं असणं त्यांना खटकलं नाही. तो तिथं नसता तर खटकलं असतं.

मी चिडले. खरं सांगते, खूप चिडले. तीन-तीनदा फॉर्म भरून माझे डोळे गेले, आणि ह्या माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मी बोलले बरंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाच वाजता फाटक बंद होतं. 

मास्तर शोरूमला परतले तर फिटर नव्हता, निम्मे लोक एक दिवसाआड. दोनला शोरूम बंद करायचं. त्या मुलीनं पान्यांची पेटी आणून दिली आणि एकसष्ट वर्षांचा माणूस कोऱ्या गाडीत डोकं खाली, पाय दाराबाहेर असा आडवा झाला. पेडल निघालं, पण आतला दांडा आणि त्याची वायर निघेना, आणि चुकीचं काही ओढलं तर उजवीकडचा ब्रेकच जायचा. दोनला बाकीचे घरी गेले, मुलगी थांबली. टॉर्च धरून उभी राहिली. पावणेतीनला सगळं निघालं. चौकीवरच्या पोलिसानं पुन्हा वाकून बघितलं, चटईवर उरलेली चार भोकं बघितली आणि हात हलवला.

सव्वाचारला मास्तर आश्रमाच्या फाटकात. हे मला संध्याकाळी कळलं. त्या वेळी मी घरी सासूबाईंना सांगत होते की आक्का येणार, त्यांना जिना चढवायला खुर्ची लागेल, आपली बिनहातांची द्यावी. नवऱ्याला खुर्ची पुसायला लावली. मुलगा आणि त्याचे बाबा दोन बाजूंनी उचलतील, असंही ठरवलं. सहाला दहा कमी असताना हॉर्न न वाजवता गाडी आमच्या फाटकातून आत आली. पांढरी. मी गॅलरीत वाकून बघितलं. डावीकडच्या सीटवर उशी होती आणि उशीवर पाट.

मी चपला न घालता खाली धावले. पहिला विचार वाईटच आला, त्या दिवसांत दुसरा कुठला येणार. मास्तर गाडीला कुलूप लावत होते. माझं तोंड बघून म्हणाले, बरी आहे ती, अगदी बरी आहे. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. मी फाटकाला टेकले. मधे दोन मीटर.

आक्का वॉकर घेऊन स्वतः चालत आश्रमाच्या फाटकापर्यंत आल्या होत्या, मास्तर सांगू लागले. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला. पाटावर पाय ठेवून आत बसल्या आणि म्हणाल्या, चालव. मास्तरांनी आश्रमाच्या आवारात एक चक्कर मारली, मग दुसरी. खिडक्या-खिडक्यांतून माणसं हात हलवत होती आणि आक्का प्रत्येकाची ओळख सांगत होत्या. ह्या बाईंना दिसत नाही, मी त्यांना पेपर वाचून दाखवते. हे गृहस्थ पत्त्यांत लबाडी करतात. ही नर्स माझ्याकडून ब्लाउज कापायला शिकतेय. तिसऱ्या फेरीनंतर मास्तरांनी गाडी ऑफिससमोर थांबवली आणि म्हणाले, आक्का, सही करून टाक, बॅग कुठाय?

"बॅग भरलेली नाही," आक्का म्हणाल्या. "मी येत नाही रे."

मास्तरांना वाटलं, जिन्याची भीती वाटतेय. ते जिन्याचं सांगायला लागले, पुढच्या खोलीतल्या पलंगाचं, न्हाणीघरात बसवलेल्या कठड्याचं. आक्कांनी सगळं बोलू दिलं. आणि मग म्हणाल्या, "तू मला न्यायला आलायस, कारण तू एकटा आहेस. मी एकटी नाहीये."

हे सांगून मास्तरांनी मास्क सारखा केला. मला वाटलं आता डोळे पुसतील, पण नाही. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो," मास्तर म्हणाले. "खरंच होतं. मला तोवर लक्षातच आलं नव्हतं."

त्यांच्या नाही, पण माझ्या तर लक्षात यायला हवं होतं. एका जिन्यावर राहतो आम्ही. त्यांच्या दारावरून मी रोज चार वेळा ये-जा करत होते, आणि आतल्या शांततेचा हेवा करत होते. पंचावन्न किलोमीटर लांबच्या, फाटकाबाहेर न पडणाऱ्या बाईला दिसलं ते मला दिसलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी काहीतरी कामाचं बोलते, तशी बोलले. म्हटलं, मास्तर, दमला असाल, दार उघडं ठेवा, जेवण पाठवते.

ते उठले, पँट झटकली. म्हणाले, नको वहिनी, सकाळचं आहे.

मी बरं म्हटलं आणि वर आले. खुर्ची दारातच होती, पुसून ठेवलेली. हात धुतले, पानं घ्यायला घेतली, मुलांना हाका मारल्या. गोष्ट जेवणाची नव्हतीच, त्यांना वर आमच्यात जेवायला बोलवायला हवं होतं, हे मला भात वाढताना कळलं.