ताईनं घेतलेलं नाव

भूत, भानामती, करणी – यातलं मी काही मानत नाही. बुलढाण्याला वर्तमानपत्राचा बातमीदार होतो. असल्या किती तरी 'बातम्या' मी स्वतः टोपलीत टाकल्या आहेत. ही मात्र माझ्या घरची आहे... आणि मी तिथे हजर होतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती. माझी थोरली बहीण कमल जानेफळजवळच्या एका खेड्यात दिली होती. कापसाच्या भरल्या गाडीवरून ती डोक्यावर पडली. नागपूरच्या दवाखान्यात जीव वाचला, पण भान आलं नाही. डोळे उघडे असत, ओळख नसे. चमच्यानं घातलेलं दूध गिळायची, एवढंच.

डॉक्टर म्हणाले, परदेशात अशा रुग्णांच्या मेंदूत खोलवर बारीक तार घालून वीज सोडून पाहताहेत. अजून प्रयोगच आहेत, आपल्याकडे ती सोय नाही. "घरी न्या. जवळच्या माणसांनी नावानं हाक मारत राहा."

मी हे ताईच्या सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गावात दिव्याले लाईन नाई बापू, अन् डोक्यात कुठून आनता?"

हाक मारायची वेळ आली तेव्हा भाऊजी – शिवराम – अडले. त्या घरात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. 'अवो' आणि 'आयकलं का' यावरच त्यांचा संसार चालला होता.

"मले नाई जमत बे," ते मला म्हणाले. "नाव घेतलं तं थे हासन."

"मग हसू द्या ना, भाऊजी."

ते लाजले. तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "कमल." ती हसली नाही. मग ते रोज हाक मारू लागले.

एके दिवशी दुपारी भाऊजी शेतात होते. शेत नाल्यापलीकडे, कोसभर लांब. मी ताईच्या खाटेजवळ बसलो होतो, सासूबाई सुपात तूर पाखडत होत्या. ताईचे ओठ हलले. मान माझ्याकडे वळली... आणि तिच्या जुन्या, खणखणीत आवाजात तिनं हाक मारली – "शिवराम!"

सासूबाईंचं सूप हातातून सुटलं. जन्माच्या सवयीनं त्या ओरडल्या, "अवं, नवऱ्याचं नाव घेतं का? चूप!"

ताई चूप झाली. डोळे पुन्हा आढ्याला लागले.

मी शेताकडे पळालो. अर्ध्या वाटेत भाऊजीच समोरून धावत येताना दिसले, अनवाणी. "काय झालं? तिनं हाक देल्ली मले."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोन सांगन? म्या आयकली. नाव घेतलं तिनं माह्यं."

घरी येऊन त्यांनी तिला पुष्कळ हाका मारल्या. मान वळली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

एखाद्या वेळी असं बोलणं शक्य असतं, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. पण कोसभरावर हाक कशी पोचली? वारा, भास, योगायोग... सगळं तपासून पाहिलं.

सासूबाईंना तो प्रश्न कधी पडलाच नाही. ताई होती तोवर त्या रोज तिच्या उशाशी बसायच्या, तिच्या केसांतून हात फिरवत म्हणायच्या, "घे वं माय, घे त्याचं नाव. मी काई नाई म्हनत."