आत्याच्या बारा शिंपल्या

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात आत्या वारल्याचं तिथून आलेल्या बसच्या कंडक्टरने सांगितलं, तेव्हा मी सावलीच्या बाजारात वांगी निवडत होतो. भर बाजारात मी असा रडलो, की वांगेवालीने घाबरून दोन वांगी जास्त टाकली... त्याला महिना झाला.

आत्याचे यजमान जंगलखात्यात कारकून होते. त्यांचा गोरा साहेब मायदेशी परतताना जेवणानंतरच्या गोडाच्या बारा जुन्या बशा त्यांना देऊन गेला. पातळ चिनी मातीच्या, उघड्या शिंपल्याच्या आकाराच्या, कडेला सोनेरी रेघ. सासरी चिनी माती म्हणजे विटाळ! यजमान वारले आणि थोरल्या दिरांनी, भाऊसाहेबांनी, आत्याला बजावलं, "सायबाचं उष्टं घरात आनलं ना? आता त्यातच जेवजो." पाच वर्षं ती पडवीत बसून शिंपलीत जेवली. तीत भात तो केवढा मावणार! तिसऱ्यांदा मागितला की आत कुणाला ऐकू जात नसे.

हे कळल्यावर मी तिला आणायला गेलो. वाटभर जहाल भाषण पाठ केलं. भाऊसाहेब म्हणाले, "चाय घेता?" मी म्हणालो, "घेतो." भाषण तिथेच संपलं. आत्याने मात्र बाराही शिंपल्या लुगड्यात गुंडाळून आणल्या.

दोन वर्षांपूर्वी भाऊसाहेब आमच्या दारात आले. मुलीचं चामोर्शीला जमत होतं, पण घराबाहेर काढलेली काकू मांडवात दिसली तरच सोयरीक, असं मुलाकडचे अडून बसले होते. आत्याने पान मांडलं. पान कसलं, शिंपली.

"बाई, ताट नाई का?"

"हाये ना, भाऊजी. पन तुमच्या घरची रीत मी कायले मोडू?"

ते शिंपलीतच जेवले. तिसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा आत्या चुलीतली लाकडं सारखी करत राहिली.

लग्नाला मात्र ती गेली. "पोरीचा काय गुना?" म्हणाली.

"मग आत्या, राग गेला ना आता?" मी विचारलं.

"गेला त मी कायच्या भरोशावर जगू रे?"

आता तिची खोली रिकामी आहे. बायको म्हणते, तिथे धान ठेवू... मी हो म्हटलेलं नाही. तेरवीला भाऊसाहेब आले आणि घटकाभर टेकायला थेट त्या खोलीकडे निघाले. मी आडवा आलो, दार ओढलं.

"इथी नाई. बाहेर बसा."

आवाज जरा कापला, पण कडी नीट बसली.