कालव्याकाठचा नारळ

माझ्या लेकीनं घोडबंदर रोडला भाड्यानं घर घेतलं, तेव्हा फोनवर ती माझ्या आईला म्हणाली, "आजी, आमच्या खिडकीखाली पाणीच आहे. तुमचं जुनं गाव होतं ना, अगदी तिथंच." बोलून गेली बिचारी. आईनं मात्र ते मनात धरून ठेवलं.

आम्ही कोळी. आमचं गाव तिथं खाडीकाठी होतं, ते उठलं आणि आम्ही डोंबिवलीला आलो. त्याच्या आधीची गोष्ट, माझा धाकटा भाऊ गावच्या बंदरावरून होडी घेऊन चिंबोऱ्या-खेकडे पकडायला गेलेला. होडी मिळाली, तो नाही मिळाला. आईनं त्याचे दिवस घालूच दिले नाहीत. "अंग दाखवा, मंग रडते," म्हणायची. दर नारळी पुनवेला ती डोंबिवलीच्या खाडीत नारळ सोडायची, माझं पोर परत दे म्हणून खाडीशी भांडायची, आणि जेवताना नारळीभाताचं एक ताट त्याच्या नावानं झाकून ठेवायची.

यंदा पुनवेच्या सकाळी ती माझ्या बायकोला म्हणाली, "आज त्याचं ताट नको वाढू." मी चपापलोच. मग माझ्याकडे वळली. "मी गेल्यावर त्याची वाट कोन बघंल रं? आज सोडते त्याला. पन जिथनं गेला तिथनंच सोडनार."

आमच्या घरची रीत अशी, की पाण्यात सोडलेला नारळ नजरेआड होईस्तोवर काठावरून हलायचं नाही. काठाला परत आला, तर खाडीनं मागणं नाकारलं.

रिक्षा, बस, वर घोडबंदरचा ट्रॅफिक. आई पार मेटाकुटीला आली. पोचलो आणि माझं डोकंच फिरलं. डोंबलाची खाडी! बिल्डरनं सिमेंटचा कालवा बांधून ठेवलेला. खोटं कशाला बोलू, दिसायला झकास होता. दोन्ही अंगांना पिवळी-गुलाबी घरं, कमानीचे छोटे पूल, लोखंडी दिवे, कठड्यावरून लोंबणारी फुलं, कॉफीची दुकानं. एक रंगीत होडी दोरीनं बांधून ठेवलेली, तिच्यात बसून पोरी फोटो काढत होत्या. पाणी निळंशार, कारण तळाला निळ्या फरश्या. खरी खाडी मागे पत्र्यांच्या पल्याड होती. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "काका, तिकडे काम चालू आहे, कोणालाच सोडत नाय."

"आये, ही खाडी नाय," मी म्हटलं. "पंपाचं पाणी आहे. चल, दुसरीकडे जाऊ."

तिला मोतीबिंदूमुळे पाणी धड दिसत नव्हतं, पण कपाळावर हात आडवा धरून ती लांबच्या डोंगराकडे बघत होती. डोंगराची सोंड तिनं बरोबर ओळखली. "हितंच. आपलं बंदर हितंच होतं." मग थोडं थांबून, "वास येत नाय. माझंच नाक गेलं वाटतं. बसा. पुनवेची भरती भर दुपारी येते."

आम्हाला घ्यायला खाली आलेली लेक रडायला लागली. "बाबा, मला खरंच कल्पना नव्हती..." मी तिच्यावर खेकसलो. कोणावर तरी खेकसायचंच होतं.

पायऱ्यांवर बसलो. पिवळ्या फडक्यातला नारळ आईच्या मांडीवर. मधूनमधून ती वाकून खालच्या पायरीला हात लावायची. "बुडली?" "नाय आये." ऊन कलायला लागलं. "आज भरतीला उशीर झाला," ती म्हणाली. पुनवेच्या भरतीला उशीर झाला असं मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

शेवटी ती स्वतःच उठली. नारळाला हळद-कुंकू लावलं, पाण्यावर ठेवला. "जा बाला. आता नाय अडवत तुला," म्हणाली आणि हलकेच ढकलला. नारळ थोडा पुढे गेला, कारंज्याच्या पाण्यानं गरगर फिरला आणि परत येऊन तिच्या बोटांना लागला. तिनं पुन्हा ढकलला. पुन्हा आला. कॉफी पिणारे बघत होते, एक जण तर मोबाइल धरून उभा. लांब भिरकावून द्यावा म्हणून मी खाली उतरलो. "तू हात नको लावू!" ती ओरडली.

तेवढ्यात एक साफसफाईवाला लांब दांड्याची जाळी घेऊन आला. त्यानं नारळ उचलला, निथळवला आणि तिच्या हातात दिला. "मावशी, पाण्यात काय टाकू नका. मला ओरडा पडतो." माणूस वाईट नव्हता.

माझा मात्र तोल गेला. "आये, अगं या पाण्याला भरती नाय की ओहोटी नाय! इथं काय टाकलं तरी काठालाच येणार! यात खाडीचा काय संबंध?"

पदरानं नारळ पुसत तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कलतंय मना. येडी नाय मी," ती म्हणाली. "पन परत तं आला ना."

येताना डोंबिवलीच्या खाडीजवळ मी रिक्षा थांबवली. ओहोटीचं पाणी चांगलं ओढीनं चाललेलं. आई उतरली नाही.

घरी आल्यावर तिनं नारळ देव्हाऱ्यासमोर ठेवला. बायको पानं घेत होती.

"त्याचं ताट वाढ," आई म्हणाली. "झाकून ठेव."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी उठलो आणि फळीवरून त्याचं ताट काढून दिलं.