पोस्टातला एन्सिओ आणि त्याचे मोठे मासे

एन्सिओ रौतामोने एकतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले आणि त्या एकतीस वर्षांत एकही चूक कबूल केली नाही. पार्सल हरवलं तर पाठवणाऱ्याने पत्ता धड लिहिला नव्हता, आणि तार उशिरा पोचली तर मरणाऱ्याने घाई केली होती. त्याची बायको कारखान्यात कामाला म्हणून स्वीडनला गेली ती गेलीच. पोस्टातल्या माणसाच्या घरी तिचं एक ओळीचं पत्र कधी आलं नाही. एन्सिओ सांगतो, "मीच धाडली तिला. इथली हवा तिला मानवत नव्हती." इथली म्हणजे त्याच्या तोंडची म्हणायची असेल, तर ते मात्र खरं.

अशा माणसाला आउने हो म्हणायला निघाली होती.

लग्नाबिग्नाची भानगड नव्हती. एन्सिओचं ओरियार्वी तळ्याकाठी घर होतं. आउनेने गावातली भाड्याची दोन खोल्यांची जागा सोडायची आणि त्याच्याकडे राहायला जायचं, एवढंच. नाताळापासून तो मागे लागला होता. शेवटी तिने सांगितलं होतं, मार्चात मासेमारीला जाऊ त्या दिवशी उत्तर देते. आउने चौसष्ट वर्षांची. तीस वर्षं औषधाच्या दुकानात पुड्या बांधल्या, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी हेलसिंकीत. संध्याकाळी चारला अंधार पडतो त्या महिन्यांत माणूस रेडिओशी बोलायला लागतो. रेडिओपेक्षा एन्सिओ बरा, असा तिचा हिशेब झाला होता. हिशेब वाईट होता, पण करणारी एकटी होती म्हणून सोडून देऊ.

आदल्या संध्याकाळीही तो तिच्याकडे येऊन बसला होता. तिने केलेला मासे भरलेला पाव त्याने तीन वेळा वाढून घेतला, मीठ कमी आहे म्हणाला आणि चौथ्यांदा ताट पुढे केलं. "उद्या उत्तर हं," असं दारात चार वेळा बजावून साडेदहाला हलला. झोप अनावर झालेल्या आउनेला त्याचंही कौतुक वाटलं. इतका आग्रह तिला आयुष्यात कोणी केला नव्हता.

त्या चौघांची बर्फावरची मासेमारी अकरा वर्षांची. एन्सिओ, लाकडाच्या गिरणीतला ताउनो, ताउनोची बायको हेल्वी, आणि नवरा गेल्यावर दुसऱ्या वर्षापासून आउने. नियम एकच. ज्याचा पर्च मासा सर्वांत लांब, त्याने त्या दिवशी काडी इकडची तिकडे करायची नाही. बाकीच्यांनी मासे साफ करायचे, वाफेच्या न्हाणीचा सॉना तापवायचा, सूप करायचं आणि त्याला पहिलं वाढायचं. मासे काठावर आणून मांडेपर्यंत दुसऱ्याच्या ढिगाऱ्यात डोकावायचं नाही, आणि बर्फात दुसऱ्याने पाडलेल्या भोकाच्या दहा पावलांत आपलं भोक पाडायचं नाही. हे कोणाला सांगावं लागत नाही. अकराच्या अकरा वर्षं पहिला आला एन्सिओ. अकरा वर्षांत त्याच्या बोटाला खवला लागला नाही.

सकाळी उणे चौदा होतं, ऊन लख्ख. तळ्यावर पोचल्या पोचल्या एन्सिओने गिरमिट खांद्यावर टाकलं.

"मी बेटाच्या पलीकडे जातो. तुमची बडबड ऐकून मासे पळतात."

"तू गप्प बसलास तर आमची बडबड कशी होईल?" हेल्वी म्हणाली.

"हेल्वी, तुझ्या भोकातून मासा वर येईल तो तक्रार करायला."

यावर हेल्वी हसली. ती एन्सिओच्या प्रत्येक वाक्याला हसायची. ताउनो हसला नाही. त्याने आपलं भोक पाडलं, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढला, स्टुलावर बसला आणि दगड झाला.

आउनेला बरे लागत होते. वीतभर, कधी त्याहून लहान. गळातून सोडवून बाजूला बर्फावर टाकायचा, तो चार उड्या मारायचा आणि उडी मारता मारताच थिजायचा. अर्ध्या तासात तिच्याभोवती सात पर्च पडले होते, कोणाची शेपटी वर, कोणाचं तोंड पोटाकडे वळलेलं, सगळे वाकडे. त्या थंडीत जिवंत मासा दुसऱ्या कुठल्या आकारात गोठत नाही. हे ओरियार्वीकाठचं शेंबडं पोरही जाणतं.

अकराच्या सुमारास तिने ठरवलं, हो म्हणायचं ते आत्ताच म्हणून टाकावं. सगळ्यांसमोर सूप वाढताना नको. हेल्वी टाळ्या वाजवील. थर्मास उचलला आणि ती बेटाला वळसा घालून गेली.

एन्सिओ स्टुलावर पाय पसरून बसला होता. गळ पाण्यात होता की नव्हता, कोण जाणे. त्याच्या भोकाशेजारी तीन पर्च होते, हातभर लांब, पट्टे ठसठशीत. तिला पाहताच नियमबियम विसरून तो ओरडला, "ये ये! बघ! आत्ताच काढला. पाच मिनिटं झाली नसतील. दोरी तुटायच्या बेतात होती."

"कुठला?"

"हा मोठा. असा ओढत होता! माझ्या जागी ताउनो असता तर तोच आत गेला असता."

आउनेने कौतुकाने मासा उचलला. तो लाकडासारखा होता. पाच मिनिटांत एवढा मासा वरवर कडक होतो, पोटापर्यंत नाही. आणि तो सरळ होता. इस्त्री करून ठेवल्यासारखा सरळ, एका अंगाने चपटा, आणि त्या चपट्या अंगावर प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चुण्या स्वच्छ उमटलेल्या. तिने दुसरा उचलला. तोही तसाच. तिसरा उचलायची गरज नव्हती, तरी उचलला, कारण औषधाच्या दुकानात सगळं तीनदा बघायची सवय लागते.

दरवर्षी तो रात्री फ्रीझरमधून काढून मासे वितळायला पाण्याच्या बादलीत ठेवत असणार. यंदा ती रात्र तिचा पाव खाण्यात गेली.

"काय? बोलती बंद झाली ना?" एन्सिओ म्हणाला.

"झाली," आउने म्हणाली.

"मग? माझं उत्तर?"

"सूप झाल्यावर."

कॉफी न देताच ती परत फिरली. तळ्यावरून चालताना तिला राग येत नव्हता, हसू येत होतं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. पासष्ट पार केलेला माणूस. आपल्याच तीन मित्रांना हरवायला फ्रीझरमधून मासे आणतो! कशासाठी? पहिली वाटी मिळावी म्हणून! मागितली असती तर कोणीही दिली असती.

ती ताउनोच्या भोकापाशी जाऊन उभी राहिली.

"ताउनो, एन्सिओचे मासे फ्रीझरमधले आहेत."

ताउनोने दोरी दोनदा हलवली. "हो."

"तुला ठाऊक होतं?"

"माझेच आहेत ते."

"म्हणजे?"

"नोव्हेंबरात मी जाळं टाकतो. त्यातले मोठे तो मागून नेतो. गालापाशी जाळ्याचा वळ असेल बघ."

"आणि तू देतोस?"

"मागतो म्हणून देतो."

आउने स्टूल नसलेल्या जागी, बर्फावरच बसली. "म्हणजे तू पकडलेल्या माशाने तो तुला हरवतो, आणि मग तेच मासे तू साफ करतोस?"

ताउनोने या गोष्टीवर खरोखर विचार केला. अकरा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. "तसं म्हटलं तर हो," तो म्हणाला.

तेवढ्यात हेल्वी आपली दोरी गुंडाळून आली. तिला दुरूनही सगळं ऐकू येतं. "अगं, त्यात काय एवढं! त्याला जिंकायला आवडतं, बिचाऱ्याला. आपलं काय जातं?"

"पाच वर्षं मी त्याचे मासे सोलतेय, हेल्वी! मला एका शब्दाने कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

"आणि वर तू मला सांगत होतीस, हो म्हण, माणूस चांगला आहे."

"आहेच की! पीत नाही, मारत नाही, घर स्वतःचं आहे. तुला आता या वयात कोण, राजपुत्र येणार आहे घोड्यावरून?"

आउनेने दोघांकडे पाहिलं. एन्सिओचा तिला तिटकारा आला होता, पण तो सोपा होता. या दोघांचा जास्त आला. एका खोटारड्याला पोसायला दोन भली माणसं लागतात. ही दोघं तर इतकी भली की त्याला कच्चा मालही पुरवत होती.

दोनला सगळे ताउनोच्या काठावरच्या झोपडीत आले. टेबलावर मासे मांडले. एन्सिओने पट्टी आणली होती, दरवर्षी आणायचा. एकोणचाळीस सेंटिमीटर. हेल्वीने "अबब!" केलं. ताउनोने मान हलवली. त्याच्याच माशाचं माप त्याने असं ऐकलं, जणू पहिल्यांदा भेटतोय.

एन्सिओ खिडकीपाशी पाय लांब करून बसला आणि त्याने सुरी मुठीकडून आउनेपुढे धरली. "चल, घे. आता सवय करून घे. पुढल्या महिन्यापासून आपल्याच घरचं काम आहे."

आउनेने सुरी घेतली, मोठा मासा उचलला आणि सुरीचं टोक पोटावर दाबलं. शिरेना. मग तिने तो मासा टेबलावर आपटला. ठक्क आवाज झाला. पुन्हा आपटला. हेल्वीने डोळे मिटले.

"एन्सिओ, हा सुटायला संध्याकाळ होईल. तोवर तूच धर हातात."

एन्सिओ लाल झाला नाही. तिला वाटलं होतं, निदान कान तरी लाल होतील. तो हसला. "बघा हं, हिने पकडलं! पोस्टात घ्यायला हवी होती हिला." मग दोघांकडे वळून, "यांना माहीत आहे की सगळं. विचार. सगळ्यांना माहीत असेल तर ते खोटं कसं? गंमत आहे ती आमची."

"गंमत? मग एखाद्या वर्षी तू मासे साफ का केले नाहीस?"

"कारण मी जिंकतो," एन्सिओ म्हणाला. तो हे मनापासून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता, आणि तेव्हा आउनेला कळलं की याच्या डोक्यात ते मासे दरवर्षी खरोखरच बर्फाखालून वर येतात.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"उत्तर. नाही. मी येत नाही राहायला."

आता मात्र कान लाल झाले. "एका माशासाठी?"

"मासा राहू दे. तुझ्या घरी राहायचं तर मला यांच्यासारखं व्हावं लागेल. तू आत्ताच काढला म्हणशील, मी अबब म्हणेन. मला नाही जमणार. माझं वय गेलं, नवीन धंदा शिकायचं."

"आउने, दिवस नासवलास तू," हेल्वी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. ताउनो उठला आणि सॉनात लाकडं घालायला गेला, कारण सॉना तापवायची पाळी हरलेल्यांची असते.

"गावात सांगत सुटणार असशील आता," एन्सिओ म्हणाला. म्हणजे चिंता ती होती.

"गावाला कंटाळा येईल," आउने म्हणाली. आपले सात वाकडे पर्च तिने पिशवीत भरले, बूट चढवले आणि चारच्या बसला गेली. बसमध्ये तिला रडू आलं, थोडंसं. त्याच्यासाठी नव्हे, चार वाजले होते, पुन्हा घरी जाऊन रेडिओच लावायचा होता, आणि हे तिने स्वतःच्या तोंडाने मागून घेतलं होतं.

आठवडाभरात गावात पसरलं की एन्सिओ रौतामोने औषधाच्या दुकानातल्या आउनेला नाही म्हटलं. बाई चांगली आहे, पण हार सोसत नाही, मासे मोठे निघाले की तमाशा करते. भाजीच्या दुकानात एकीने तिला समजूतदारपणे सांगितलं, "जाऊ दे गं, पुरुषांना असं आवडत नाही." आउनेने गाजरं घेतली. खुलासा केला नाही.

पुढल्या मार्चात ओरियार्वीवर तिघंच गेले. एकेचाळीस सेंटिमीटर निघाला म्हणे. हेल्वी सांगत होती.