शोकेसमधली बाई

फौजदारांनी फोटो तिच्या तोंडाशी धरला आणि म्हणाले, "ही ती नव्हे." ती खाटेवर घरघरत होती. ठाकुर्लीच्या रुळांकडेला सापडलेली, डोकं फुटलेली, बेवारस बाई. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

मी तेव्हा महिला शिपाई, चौथी शिकलेली. कल्याणच्या दवाखान्यात तिच्यापाशी माझी ड्यूटी होती. डॉक्टर सांगून थकले होते, "डोक्याचं ऑपरेशन केलं नाही तर मरेल. सहीला घरचं माणूस आणा." आणायचं कुठून?

ठाणे शहरात नौपाड्यातली एक शिंपीणबाई बेपत्ता असल्याची वर्दी होती. ती नव्या फॅशनचे ब्लाउज स्वतः बेतायची. गळे, बाह्या, सगळं तिच्या डोक्यातलं. खांद्यावर टेप टाकून रोखून बघणारा तिचा फोटो स्टुडिओच्या शोकेसमध्ये होता. अख्ख्या ठाण्यातल्या बायका काचेवर बोट ठेवून म्हणायच्या, "अस्सं शिवून हवंय." गिऱ्हाइकांनी पिच्छा पुरवला तेव्हा कुठे नवऱ्याने वर्दी दिली, सोबत तोच फोटो. त्यात गाल गुळगुळीत. खाटेवरच्या बाईला देवीचे वण. झाला तपास! एखाद्या गिऱ्हाइकाला आणून तोंड दाखवावं, एवढंही कुणाला सुचलं नाही. मलाही कोणी विचारलं नाही.

फोटोच्या जादा प्रती घेऊन फोटोग्राफर चौकीत आला. मला म्हणाला, "बाई, यावरून ती सापडायची नाही. वण मी पेन्सिलीने बुजवलेत."

"कुणी सांगितलं होतं?"

"ती म्हणाली, राहू द्या. नवरा म्हणाला, घालवा, लाज वाटते."

मी त्याला तसाच फौजदारांपुढे उभा केला. मग आतल्या खोलीत बसवला आणि नवऱ्याला बोलावलं.

"बायकोच्या तोंडावर काही खूण?" मी विचारलं.

"फोटोत आहे तशीच. स्वच्छ."

"देवीचे वण?"

"छे! साहेब, या बाईला चुलीपाशी पाठवा की."

फौजदारांनी फोटोग्राफरला बाहेर बोलावलं. नवऱ्याचं तोंड उतरलं, मग तो ओरडायलाच लागला, "रस्त्यावरचे लोक माझ्या बायकोकडे बघत उभे राहतात!" नातलगाकडे नेतो म्हणून त्याने तिला ठाकुर्लीला उतरवलं आणि डोक्यात दगड घातला. मेली असं समजून सोडून आला, आणि ओळख पटू नये म्हणून नेमका तो फोटो आम्हाला दिला. आम्हीही घेतला.

त्यानंतर कोणी फोटो घेऊन आलं की मी आधी विचारायचे, यात काय दिसत नाही ते सांगा.

तिच्या आईला गावाहून आणली. तिने अंगठा दिला, ऑपरेशन झालं. एक डोळा गेला. बाई जगली.